नालवाडीची पेरणी व पुण्याचा महासंगणक

मृग लागला, पहिली सर कोसळली, मातीचा वास सुटला, की वर्ध्यालगतच्या नालवाडीसारख्या गावी शेतकऱ्याचा हात तिफणीकडे जातो. परंतु त्यानंतर दहा-बारा दिवस आभाळ कोरडे राहिले, तर उगवलेले सोयाबीन करपते, सरकी वाया जाते आणि पेरणी उलटते. बियाणे व मजुरी यांचा भार मग दुसऱ्यांदा सोसावा लागतो. हा धोका कमी करण्याच्या कामी शासनाने जी यंत्रे उभी केली आहेत, त्यांची ओळख ग्रामसेवकांनी करून घेणे अगत्याचे आहे.

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ व सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्का’ हे महासंगणक राष्ट्रास अर्पण झाले. ‘अर्का’ची क्षमता सेकंदास सुमारे एक कोटी सतरा लाख अब्ज आकडेमोडींची आहे. एवढी आकडेमोड कशासाठी? हवामानाचे गणित मांडताना पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागतात आणि प्रत्येक चौकटीतील वारा, उष्णता व बाष्प पुढे कसे बदलेल, हे टप्प्याटप्प्याने काढतात. पूर्वी ही चौकट बारा किलोमीटरची होती. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ने ती सहावर आणली. बाजू निम्मी झाली की एका चौकटीच्या चार होतात. काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे काम जवळजवळ आठपट! चौकटीच्या वहीवर हे शाळकरी मुलासही दाखविता येईल.

ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतवार अंदाजही मिळू लागला. त्यावर नाव गावाचे असले, तरी आकडे अशाच चौकटींच्या गणितातून उतरतात, आणि एका चौकटीत अनेक शिवारे येतात. नाल्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ, हा अनुभव कोणास नाही? ‘यंत्र खोटे बोलले’ असे म्हणून अंदाज टाकून देणे जितके चुकीचे, तितकेच केवळ त्याच्या भरवशावर तिफण जुंपणेही चुकीचे.

यास्तव गावातील पाऊस गावानेच मोजावा. सपाट बुडाचा व सरळ कडांचा डबा झाडा-भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून वहीत टिपावी आणि डबा रिता करावा. बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाली, वाफसा आला, की मंगळवारी व शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला पाहावा. त्यात पुढील पाच दिवस कोरडे दाखविले असतील आणि जमीन हलकी असेल, तर पेरणी थांबवावी. भारी काळ्या जमिनीत ओल खोल गेलेली असल्यास तेवढे थांबण्याची गरज पडत नाही. ती एक वीत उकरून हातानेच पाहावी.