नदीकाठचा मुक्काम



दिवाळी सरली, रानात ज्वारी डोलू लागली, की शाळाशाळांतून सहलीचे बेत सुरू होतात. रानात एखादी रात्र काढावी, अशी मुलांची हौस असते. हौस चांगली आहे. तीन दगडांची चूल, अंगावर घोंगडी आणि जवळ वाहते पाणी, एवढ्यावर रात्र निभावता आली की मुलांच्या मनातली अंधाराची भीती निम्मी कमी होते. परंतु मुक्कामाची जागा निवडायची वेळ आली की बहुतेकांचे पाय आपोआप पाण्याच्या कडेला वळतात. वाळू मऊ, जागा सपाट, पाणी हाताशी. मग आणखी काय पाहिजे? खरा धोका इथेच आहे. पाणी जवळ असावे, पण उशाशी असू नये. आज एवढेच नीट समजून घेऊ.

आपल्या मोहोळ तालुक्याचेच उदाहरण घ्या. इकडे सीना, तिकडे भीमा. सीना उगम पावते ती अहिल्यानगरच्या परिसरात. तिच्या पाण्याचा हिशेब मोहोळच्या आभाळावरून करता येत नाही. आपल्याकडे चांदणे पडलेले असेल आणि वर कुठे ढग फुटला असेल, तर ते पाणी काही तासांनी आपल्या काठाला लागणारच. भीमेचेही तसेच. पुणे जिल्ह्यात पाऊस झाला की उजनी भरते, आणि धरणाचे दरवाजे उघडले की खाली पाणी चढते. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा काठच्या गावांत आणि उभ्या पिकांत पाणी शिरले. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूकसुद्धा थांबवावी लागली. जी नदी महामार्ग अडवते, तिच्यापुढे मुलांच्या वळकट्यांची काय कथा?

हे शहाणपण जुनेच आहे बरं का. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तेथे 1968 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या तेथल्या शेतकऱ्यांनी पुरापासून वस्ती राखण्यासाठी दगडमातीचा बांध घातला होता, असे त्यात दिसून आले. नदीवाचून त्यांचे चालत नव्हते, पण तिचा भरवसाही ते धरीत नव्हते. आपले धनगर बांधव बघा. मेंढ्या पाण्यावर नेतात, पाजतात आणि परत फिरवतात. वाघर लावून मेंढरे बसवायची ती कोरड्या, उंचवट्याच्या शेतात. ओलीत मेंढरांचे खूर कुजतात, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

मग जागा कशी शोधावी? आधी पुराची खूण पाहा. काठच्या बाभळीच्या फांद्यांत अडकलेला पाला, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या, खोडावर बसलेला गाळाचा पट्टा, या सगळ्या पाण्याने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी आहेत. मुक्काम त्या खुणेच्या बराच वर असावा. गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, तो बोट दाखवून सांगेल. नदीच्या दोन धारांमधल्या बेटावर किंवा कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुळीच राहू नये. रात्री पाणी अचानक गढूळ झाले, फेस आणि काटक्या वाहत आल्या, पाण्याचा आवाज बदलला, तर सामानाचा मोह सोडून आधी मुलांना वर न्यावे.

उंचावर राहण्याचे आणखी फायदे आहेत. थंड हवा जड असते. ती रात्री उतारावरून खाली वाहत येते आणि पात्रात साठते. म्हणून थंडी आणि दव काठाला जास्त. डासांचा त्रासही पाण्यालगत अधिक. शिवाय रानातली जनावरे रात्री पाण्यावर येतात. त्यांची वाट मोकळी ठेवावी. चिखलात पावले उमटलेली दिसली, तर ती जागा आपली नव्हे असे समजावे.

आता झोपण्याविषयी. मण्यार हा साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना नेहमी घडतात. त्याचा चावा पुष्कळदा दुखतही नाही. काही वेळाने पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. अशा वेळी जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे तर वेळ घालवूच नये. हातपाय हलू न देता रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे. सर्पदंशाची लस कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळते आणि रात्री तेथे जायला गाडी कोणाची, याची चौकशी निघण्यापूर्वीच करून ठेवावी. खाट असेल तर उत्तमच. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी घट्ट खोचाव्या. साप आणि डास दोन्ही बाहेर राहतात.

पिण्याचे पाणी गाळले की शुद्ध झाले, असे पुष्कळांना वाटते. फडक्याने गाळ जातो, तुरटीने पाणी निवळते, पण कावीळ आणि विषमज्वराचे जंतू मागे उरतात. ते मारायला उकळी हवी. खळखळ उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट पाणी विस्तवावर ठेवा. आपण ज्या नदीचे पाणी पितो ते खालचे गावही पिते. म्हणून शौचाला पाण्यापासून किमान शंभर पावले दूर जावे, वीतभर खड्डा करावा आणि मातीने बुजवावा. भांडीही पात्रात न घासता पाणी वर आणून घासावी.

चुलीला पात्रातले ओले दगड लावू नका. त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपच्या उडतात. चूल मोकळ्या मातीवर, गवतापासून दूर मांडावी. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतावे, राख ढवळावी, पुन्हा ओतावे. हात जवळ नेऊन धग लागत नाही, अशी खात्री झाल्यावरच पाऊल उचलावे.

एक गोष्ट शिक्षकांनी विसरू नये. रान मोकळे दिसले तरी ते बिनमालकाचे नसते. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झाले. तेथल्या माळावर पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. एक चुकीचे पाऊल पडले की घरटे गेले. दूर कोयनेच्या शिवसागराकाठचे दाट रान पाहून तेथे राहण्याचा मोह होईल, पण कोयना अभयारण्य आणि चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. अशा ठिकाणी वनखात्याच्या परवानगीवाचून रात्री राहणे किंवा विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे. शेतात उतरायचे तर शेतकऱ्याला आधी विचारावे.

तेव्हा शिक्षकांनो, काठावर पोहोचल्यावर मुलांना लगेच अंथरुणे टाकू देऊ नका. आधी दिवसाउजेडी त्यांच्याकडून पुराची खूण शोधून घ्या. पाणी कुठवर आले होते, ते का आले, आपण कुठे झोपावे, हे त्यांनाच ठरवू द्या. भूगोलाचा हा धडा ज्याने एकदा डोळ्यांनी वाचला, तो मोठा होऊन घर बांधील तेव्हाही आधी नदीची रेघ पाहील आणि मगच पाया खणील.