सायलेन्सरची झडप आणि नेऱ्यातली झोप

हिंजवडीचा आयटी पार्क मागे टाकून मारुंजीवरून पुढे निघाले की मुळशी तालुक्यातले नेरे गाव लागते. जुनी घरे, गोठे, शेते आणि त्यांच्या आसपास उभे राहिलेले नवे टॉवर, असे सध्याचे नेरे आहे. इथून कासारसाई धरण जवळ, त्यामुळे शनिवार-रविवारी पुण्या-पिंपरीहून फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. रात्री मात्र गाव शांत होते आणि या शांततेतून एखादी गाडी गेली, तर तिचा आवाज दिवसापेक्षा कितीतरी लांबपर्यंत जाणवतो.

गडगडत जाणारी गाडी म्हटली की आपल्याकडे पहिली आठवते ती ‘पुंगळी काढलेली’ बुलेट. सायलेन्सरच्या आत आवाज दाबणारी नळी असते, ती काढली की झाले काम. महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये असे काही काढावे लागत नाही. तिथे काम एका झडपेने होते आणि ही झडप बहुतेकदा कंपनीनेच बसवून दिलेली असते.

इंजिनातून जळलेला वायू सलग बाहेर येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला असे १०० धक्के बसतात. सहा सिलिंडर असतील तर १५०, आठ असतील तर २००. आपण ज्याला गाडीचा आवाज म्हणतो, त्याचा गाभा हे धक्केच. सायलेन्सर त्यांना कप्प्याकप्प्यांतून फिरवतो, भोकाभोकांच्या नळ्यांतून आणि काचतंतूंच्या थरातून नेतो. लाटांवर लाटा आदळून बरीचशी ऊर्जा आतल्या आत विरते. पण या वळणांनी वायूची वाटही अडते आणि इंजिन जोरात फिरत असताना ताकदीचा थोडा भाग त्यात खर्ची पडतो. म्हणून दोन वाटा ठेवतात, एक वळणाची आणि एक जवळपास सरळ. सरळ वाटेवर नाण्यासारखी गोल चकती असते. ती आडवी झाली की वाट बंद, उभी झाली की मोकळी. जुन्या गाड्यांत ती निर्वात नळीने हलते, नव्यांत छोट्या मोटरने. केव्हा उघडायची हे गाडीचा संगणक वेग, गिअर आणि ॲक्सिलरेटर पाहून ठरवतो.

बाजारात मिळणारा ‘व्हॉल्व्ह कंट्रोलर’ नेमका इथे घुसतो. गाडी लिफ्टवर चढवून मागच्या सायलेन्सरजवळच्या मोटरचा प्लग काढायचा, मध्ये हा छोटा डबा जोडायचा, वायर तापणाऱ्या पाइपपासून लांब बांधून टाकायची आणि रिमोट जुळवून घ्यायचा. सरावलेल्या हाताला फार वेळ लागत नाही. यानंतर संगणक ‘बंद कर’ म्हणत राहतो, पण झडप रिमोटचे ऐकते. बरे डबे संगणकाला ‘आज्ञा पाळली’ असा खोटा निरोपही देतात, म्हणजे डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागत नाही. मुळशीच्या पावसात गाडीखालचे असे जोड पाणी धरतात, गंजतात आणि झडप अर्धवट अडकते हा अनुभव वेगळा. वॉरंटीचा वाद तर त्याहून वेगळा.

हौशी मंडळींचे एक म्हणणे खरे आहे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाच्या बाजूला असतो आणि ही झडप त्याच्या बरीच मागे. त्यामुळे ती उघडल्याने धुरातले प्रदूषण वाढते असे नाही. वाढतो तो आवाज. त्याला प्रदूषण म्हणायची आपल्याला अजून सवय नाही, एवढेच.

कारच्या आवाजाला भारतात ७४ डेसिबलची मर्यादा आहे. पुण्यातल्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत नव्या मॉडेलची चाचणी होते. गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आसपास येते, ठरावीक रेषेपाशी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवरचा मायक्रोफोन आवाज टिपतो. चाचणीच्या या वेगाला झडप बंद आणि इतर वेळी उघडी, अशी सोय करणे संगणकाला अवघड नाही. युरोपने ही पळवाट ओळखली आणि २०१६ पासून लागू झालेल्या नियमांत चाचणीच्या बाहेरच्या वेगांनाही आवाज आटोक्यात हवा, अशी अट घातली. कंट्रोलर बसला की ही सगळी तजवीज गाडीमालकाच्या बोटाखाली येते.

डेसिबलच्या आकड्यात एक मेख आहे. मोजणीत ‘ए’ नावाची चाळणी लावतात. माणसाच्या कानाला खर्जातले स्वर कमी ऐकू येतात म्हणून ते कमी धरले जातात. १०० हर्ट्झच्या स्वरातून सुमारे १९ डेसिबल वजा होतात. झडप उघडल्यावर नेमका याच पट्टीतला घुमणारा स्वर वाढतो. भिंती आणि खिडक्यांच्या काचाही बारीक आवाज चांगला अडवतात, खर्ज तितकासा अडवत नाहीत. टॉवरमध्ये राहणारे लोक ‘आवाज फार नव्हता, पण काच थरथरली’ म्हणतात ते यामुळे.

समजा, रस्त्यालगत साडेसात मीटरवर एखाद्या गाडीचा आवाज ९५ डेसिबल भरला. अंतर दुप्पट झाले की तो साधारण सहाने उतरतो. म्हणजे साठ मीटरवरच्या घरापाशी तो ७७ असेल. उन्हाळ्यात खिडकी उघडी आहे असे धरले, तर आणखी पंधरा वजा. उशीपाशी ६२ उरले. रात्रीच्या झोपेसाठी खोलीतला एकेक आवाज ४५ च्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवले होते. दहा डेसिबल वाढले की आवाज सुमारे दुप्पट मोठा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचा अंदाज येतो.

झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. अचानक मोठा आवाज आला की मेंदू तो धोका म्हणून घेतो. ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल स्रवते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आक्रसतात. माणूस जागा होतोच असे नाही. बऱ्याचदा गाढ झोपेतून वरवरच्या झोपेत येतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. ‘आम्हाला सवय झाली आहे’ हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे. मनाला सवय होते, हृदयाची प्रतिक्रिया मात्र पूर्ण थांबत नाही. जर्मनीतल्या माइन्झ येथे संशोधकांनी ७५ निरोगी स्वयंसेवकांना रात्री झोपेत विमानांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. सकाळी तपासले तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैलावण्याची क्षमता घटलेली दिसली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास होता तरुण, धडधाकट माणसांवर. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजोबांचे काय, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो. पश्चिम युरोपात वाहतुकीच्या आवाजापायी दर वर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०११ मधला अंदाज आहे.

आपले ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हिंजवडीच्या परिसरात हे गणित दोन ठिकाणी चुकते. परदेशी वेळेनुसार काम करणारे अनेकजण सकाळी झोपतात. त्यांची रात्र नियमात नाही. दुसरे, हे आकडे सरासरीचे आहेत. दहा सेकंदांत निघून जाणारी गाडी रात्रभराच्या सरासरीत विरघळते. झोप मात्र त्या दहा सेकंदांतच मोडते.

कायदा मोघम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाची मर्यादा मोडली तर दंड दहा हजारांपर्यंत. अडचण पकडण्याची आहे. बुलेटचा बदललेला सायलेन्सर डोळ्यांना दिसतो. पोलीस तो काढतात आणि रोड रोलरखाली घालतात. झडपेची गाडी नाका दिसताच बटण दाबून मांजरासारखी होते.

फ्रान्सने यासाठी आवाजाचा रडार आजमावला. पॅरिसजवळच्या शव्हरूझ खोऱ्यात सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलस्वारांची झुंबड उडते. तिथल्या सँ-लाँबेर-दे-ब्वा या छोट्या गावात जानेवारी २०२२ मध्ये तो बसला. चार मायक्रोफोन आवाज कुठून आला ते शोधतात, कॅमेरा नंबर टिपतो. पॅरिस परिसरातला आवाज मोजणाऱ्या ‘ब्रुईपारीफ’ या संस्थेच्या हिशेबाने सायलेन्सर बिघडवलेली एक स्कूटर मध्यरात्री शहर ओलांडताना दहा हजार माणसांची झोप मोडू शकते. सुट्टीला शहरातून येणाऱ्या गाड्या आणि वाटेतले लहान गाव, हे चित्र नेरे-कासारसाईच्या रस्त्यालाही अनोळखी नाही.

आता थोडे उलटे. परदेशात काही गाडीमालक हाच डबा झडप बंद ठेवण्यासाठी घेतात. बऱ्याच स्पोर्ट्स कार थंड असताना सुरू केल्या की इंजिन वेगाने फिरते, झडप उघडी राहते आणि गाडी पहिला मिनिटभर गरजते. पहाटे पाचला विमानतळाकडे निघताना अख्खी सोसायटी उठते. काही गाड्यांत कंपनीचेच बटण असते, त्यामुळे वेगळा डबा लागतही नाही. फक्त गाडी सुरू करताना ते बटण बंदच्या बाजूला आहे ना, हे पाहायचे आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवायचा.