आतड्यातील जीवाणू आणि कर्करोगावरील इम्युनोथेरपी

कर्करोगावरील इम्युनोथेरपी गाठीवर थेट घाव घालत नाही. ती रुग्णाच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीला मोकळे करते. टी-पेशी बिघडलेल्या पेशी ओळखून मारू शकतात. त्या निरोगी शरीरावरच उलटू नयेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर सीटीएलए-४ आणि पीडी-१ ही प्रथिने लगामासारखी काम करतात. कर्करोगाची गाठ हेच लगाम खेचून टी-पेशींना थोपवून धरते. ते सैल करणाऱ्या औषधांची वाट जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांच्या संशोधनाने खुली केली, आणि त्यासाठी दोघांना २०१८चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. या वर्गातील पहिले औषध इपिलिमुमॅब २०११मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्यानंतर शरीरभर पसरलेल्या मेलानोमाचे, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाचे, काही रुग्ण दहा-दहा वर्षे जगले. तरीही अनेक रुग्णांवर या औषधांचा परिणाम होत नाही. गाठीतील जनुकीय बदलांवरून याचा काही उलगडा होतो, पण पूर्ण नाही. उरलेल्या उत्तराचा एक भाग आतड्यात सापडला.

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा साठाही आतड्याच्या भिंतीतच असतो. या शेजाराचा कर्करोगाच्या उपचाराशी संबंध आहे, हे शिकागो विद्यापीठात थॉमस गॅजेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवरून दिसले. एकाच वाणाचे उंदीर जॅक्सन आणि टॅकोनिक या दोन पुरवठादारांकडून आणले होते. जॅक्सनच्या उंदरांत मेलानोमाची गाठ सावकाश वाढे, टॅकोनिकच्या उंदरांत झपाट्याने. दोन्ही गटांना काही आठवडे एकाच पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे एकाच्या आतड्यातील जीवाणू दुसऱ्यात जातात. पुढे जॅक्सनच्या उंदरांची विष्ठा टॅकोनिकच्या उंदरांना पाजली, तेव्हा त्यांच्यातही गाठीची वाढ मंदावली. या परिणामामागे बिफिडोबॅक्टेरियम हा जीवाणू असल्याचे आढळले. या शोधनिबंधाच्या प्रथम लेखिका आयेलेत सिवान तेव्हा पीएचडीच्या विद्यार्थिनी होत्या.

नोव्हेंबर २०१५मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा निबंध आला, तेव्हाच पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतील लॉरेन्स झिटव्होगेल यांच्या गटाचाही निबंध प्रसिद्ध झाला. जीवाणूविरहित उंदरांवर आणि अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांवर सीटीएलए-४ रोखणारे औषध निष्प्रभ ठरत होते. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा जीवाणू पोटात गेल्यावर औषध पुन्हा लागू पडले.

जानेवारी २०१८मध्ये रुग्णांवरील तीन अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रात जेनिफर वॉर्गो यांच्या गटाने मेलानोमाच्या ४३ रुग्णांच्या विष्ठेचे नमुने तपासले. त्यांतील ३० जणांना औषध लागू पडले होते, १३ जणांना नाही. लागू पडलेल्यांच्या आतड्यात जीवाणूंची विविधता जास्त होती. पॅरिसच्या गटाने २४९ रुग्ण अभ्यासले. उपचाराच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्या ६९ जणांचा आजार लवकर बळावला, आणि औषधाचा गुण आलेल्यांत ॲकरमॅन्सिया म्युसिनिफिला हा जीवाणू अधिक आढळला. शिकागोच्या ४२ रुग्णांत बिफिडोबॅक्टेरियम लाँगमसह काही वेगळीच नावे पुढे आली.

जीवाणू आतड्यात आणि गाठ दूर कुठेतरी, मग परिणाम पोहोचतो कसा? त्याच्या काही वाटा माहीत झाल्या आहेत. काही जीवाणू डेंड्रिटिक पेशींना जागे करतात आणि या पेशी टी-पेशींना शत्रूची ओळख करून देतात. काही जीवाणू इनोसिनसारखी रसायने तयार करतात; ती रक्तातून टी-पेशींपर्यंत पोहोचतात. तिसरी वाट साधर्म्याची आहे. एंटरोकॉकस हिरे या जीवाणूत राहणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा गाठीतील प्रथिनाशी मिळताजुळता असतो. त्यामुळे जीवाणूविरुद्ध तयार झालेल्या टी-पेशी गाठीवरही चालून जातात.

जीवाणू हे कारण आहे की नुसती खूण, हे रुग्णांत पडताळण्याचा मार्ग म्हणजे विष्ठा-प्रत्यारोपण. औषधाचा उत्तम गुण आलेल्या रुग्णांची विष्ठा, गुण न आलेल्या मेलानोमा-रुग्णांच्या आतड्यात सोडून तेच उपचार पुन्हा सुरू केले गेले. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पिट्सबर्गच्या १५ रुग्णांपैकी ६ जणांना आणि इस्रायलच्या १० रुग्णांपैकी ३ जणांना फायदा झाला. २०२३मध्ये कॅनडातील चाचणीत निरोगी दात्यांची विष्ठा उपचाराच्या आरंभीच दिली गेली. २० पैकी १३ रुग्णांच्या गाठी आटल्या. या चाचण्या लहान होत्या आणि त्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. प्रत्यारोपणात धोकाही आहे. औषधांना न जुमानणारा जीवाणू दात्याच्या विष्ठेतून गेल्याने एका रुग्णाचा मृत्यू झाला, आणि २०१९मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला.

रोजच्या आहाराबाबतही महत्त्वाची माहिती मिळाली. वॉर्गो यांच्या गटाने मेलानोमाच्या १२८ रुग्णांचा आहार तपासला आणि डिसेंबर २०२१मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोजच्या जेवणातील तंतुमय पदार्थ ५ ग्रॅमने वाढले की आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिक गोळ्यांचा मात्र असा फायदा दिसला नाही; उंदरांत तर त्या दिल्यावर उपचाराचा जोर ओसरला. म्हणून अँटिबायोटिक असो वा प्रोबायोटिक, इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णाने ते कर्करोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यावे. गरज असलेले अँटिबायोटिक मनाने टाळणेही तितकेच घातक.

ह्यूस्टन, पॅरिस आणि शिकागो यांच्या उपयुक्त जीवाणूंच्या याद्या जुळल्या नाहीत. २०२२मध्ये ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्पेनमधील रुग्णांच्या अभ्यासातही सर्वत्र भरवशाचा ठरेल असा एकही जीवाणू सापडला नाही. परिणाम एकट्या जीवाणूचा नसून सगळ्या वस्तीचा असावा, आणि ती वस्ती प्रदेश व आहार यांनुसार बदलते. भारतात १४ ठिकाणच्या १,००४ लोकांच्या पाहणीत प्रेव्होटेला जीवाणूचे प्राबल्य दिसले. धान्य आणि डाळींच्या आहाराशी त्याचा संबंध जोडला जातो. दुसरीकडे, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके-मानेच्या कर्करोगात नेहमीच्या उपचाराला दर तीन आठवड्यांनी पीडी-१ रोखणाऱ्या निवोलुमॅब या औषधाच्या केवळ २० मिलिग्रॅमची जोड दिली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. कमी मात्रेमुळे हे महागडे औषध अधिक भारतीय रुग्णांच्या आवाक्यात येऊ शकते. त्यांच्यापैकी कोणाला ते लागू पडेल, हे पाश्चात्त्य रुग्णांच्या याद्यांवरून ठरवता येणार नाही. त्यासाठी भारतीय रुग्णांच्याच आतड्यातील वस्तीचा अभ्यास करावा लागेल.