आधी राख कसली ते सांगा!

(मराठीत लिहायची दहावीनंतर ही पहिलीच वेळ, चुका पोटात घाला.)

आमच्या वाशीत सेक्टर 20 मध्ये अणुऊर्जा खात्याच्या 'ब्रिट' संस्थेचा प्लांट आहे. तिथे 2000 सालापासून कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी मसाले निर्जंतुक करतात. त्यामुळे मिरची रेडिओअ‍ॅक्टिव्ह होत नाही, हे मी आजीला दहा वेळा तरी सांगितलंय. एकदा तिने विचारलं, "काही झालंच, तर बाहेरच्या देशांतले डॉक्टर येतील ना गं?" मी म्हटलं, येतील की! मग वाचायला बसले.

1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजापेक्षा कितीतरी मोठा झाला. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर असलेल्या 'लकी ड्रॅगन' या जपानी मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवर 23 खलाशी होते. 14 मार्चला ते याइझु बंदरात परतले. अमेरिकेने लगेच डॉक्टर आणि तज्ज्ञ देऊ केले, ते टोकियोला आलेसुद्धा.

जपानी डॉक्टरांना आधी हवं होतं ते वेगळंच. राखेत काय आहे? हा प्रश्न साधा नाही. आयोडिन थायरॉइडमध्ये साठतं, स्ट्रॉन्शियम कॅल्शियमचा भाऊ असल्यासारखं हाडांत जाऊन बसतं, सीझियम स्नायूंत पसरतं. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात भंगारात गेलेल्या मशीनमधलं सीझियम पसरलं, तेव्हा द्रव्य कळल्यामुळेच रुग्णांना प्रशियन ब्लू देता आलं. (हो, तोच निळा रंग!)

पण राखेची यादी दिली असती तर बॉम्बची रचना उघडी पडली असती. म्हणून ती मिळाली नाही. शेवटी टोकियो विद्यापीठाचे केन्जिरो किमुरा यांनी स्वतःच पृथक्करण केलं, त्यात युरेनियम-237 निघालं. म्हणजे गुपितही राहिलं नाही! खलाशीही अमेरिकन तपासणीला तयार होईनात. त्यांची हिरोशिमातली संस्था 1947 पासून लोकांना तपासत होती, उपचार मात्र करत नव्हती. रेडिओ ऑपरेटर कुबोयामा 23 सप्टेंबरला वारले.

चेर्नोबिलनंतर 1986 मध्ये दोन आंतरराष्ट्रीय करार झाले. 1988 मध्ये भारतानेही त्यांना मान्यता दिली. पहिल्यानुसार मदत मागणाऱ्या देशाच्या हद्दीत सूत्रं त्याच्याच हाती राहतात. दुसऱ्यानुसार अपघातात काय बाहेर पडलं ते कळवावं लागतं, अण्वस्त्रांच्या बाबतीत मात्र हे ऐच्छिक आहे. म्हणजे 'लकी ड्रॅगन'ची पळवाट अजून उघडीच.

आजीने सगळं ऐकून घेतलं. "आणि आपल्या सेक्टर 20 चं काय?"

तिथली यादी एका शब्दाची आहे, आजी. कोबाल्ट.