क्रिकेटमधील फलंदाज व त्याचा जोडीदार

भातकापणी उरकून खाचरे मोकळी झाली, की हातखंब्यासारख्या गावांतील मुले शाळा सुटताच तेथे क्रिकेट मांडतात. सड्यावरील कातळापेक्षा येथे गुडघे कमी फुटतात. झावळीच्या देठाची का होईना, बॅट हाती आली की प्रत्येक मुलगा चेंडू दूर टोलविण्याच्याच विचारात असतो. थोरली मुले मनसोक्त खेळतात. धाकट्यांच्या वाट्यास बहुधा चेंडू शोधून आणणेच येते. फलंदाज म्हणजे धावा काढणारा, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे, आणि ती अपुरी आहे.

खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे 66 फूट लांब असते. तिच्या दोन्ही टोकांस एकेक फलंदाज असतो व धाव पुरी होण्यास दोघांनीही टोके बदलावी लागतात. चेंडू पुढे गेल्यास टोलविणाऱ्याने हाक द्यावी. पाठीमागे गेल्यास तो त्यास दिसत नाही, म्हणून जोडीदाराने द्यावी, असा संकेत आहे. हाक चुकली तर एक जण धावचीत होतो, आणि पुष्कळदा चूक दुसऱ्याचीच असते.

जोडीदाराचे मोल किती, हे 1943 च्या मुंबईतील पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दिसले. हिंदू संघाने 5 बाद 581 धावांवर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद 250 धावा होत्या. ‘रेस्ट’ संघ 133 धावांत बाद होऊन त्यास लगेच पुन्हा खेळावे लागले. या दुसऱ्या डावात सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी संघाच्या 387 धावांपैकी एकट्याने 309 काढल्या. परंतु सहाव्या गड्यासाठी झालेल्या 300 धावांच्या भागीदारीत त्यांचे बंधू विवेक यांच्या धावा अवघ्या 21 होत्या. ते बाद झाले असते, तर ही भागीदारी तेथेच संपली असती. सामना ‘रेस्ट’ने एक डाव व 61 धावांनी गमावला, हेही मुलांस सांगावे, लपवू नये.

शाळेत मुलांना जोडीने खेळवावे. प्रत्येक जोडीस चार षटके द्यावीत. कोणी बाद झाल्यास जोडीच्या धावांतून पाच वजा कराव्यात, पण त्यास बाहेर काढू नये. थोरल्यासोबत धाकटा द्यावा, आणि वहीत धावा दोघांच्या नावे एकत्र मांडाव्यात.