कढीपत्त्यावरची पातरगित्ती

परसातल्या कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसले, तर औषध फवारायची घाई करू नका. ती लिंबू फुलपाखराची लहान अळी असू शकते. या सोंगामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात! चार वेळा कात टाकून ती हिरवीगार होते. डिवचले तर डोक्यामागून उग्र वासाची मऊ शिंगे बाहेर काढते. मग रेशमी धाग्याने स्वतःला फांदीला बांधून घेते. पंखांचे अंकुर अळीच्या अंगातच दडलेले असतात. कोषात जुने शरीर बरेचसे मोडते, ते अंकुर वाढतात आणि एके सकाळी ‘पातरगित्ती’ बाहेर येते. (झुरळाला मात्र कोष नाही, पिल्लू म्हणजे बिनपंखी झुरळच.) झाड अगदी रोपटे असेल, तर अळी अलगद उचलून शेजारच्या मोठ्या कढीपत्त्यावर सोडावी.