चाकांवरचं घर विम्याच्या कागदावर आणा

डिसेंबर लागला की बारडोलीत इंग्लंड-अमेरिकेतले नातलग उतरतात आणि त्यांच्या मोबाइलमधले ‘आरव्ही’चे फोटो घरोघरी फिरतात. गाडीतच पलंग, शेगडी, फ्रीज. आई-बाबांना घेऊन आपणही असंच निघावं, असं इथल्यांनाही वाटतं. मग टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन बॉडी बिल्डरकडे दिली जाते. सापुताऱ्याचा घाट चढून वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला, नाहीतर ५३ नंबरच्या हायवेने नवापूर ओलांडून खानदेशात मामाच्या गावी. हौस रास्त आहे. विमा मात्र नेहमीच्या कारसारखाच काढला जातो आणि फसगत तिथेच होते. कारण कंपनी विमा उतरवते तो गाडीचा. आतलं घर तिला सांगितल्याशिवाय दिसत नाही.

हे आयडीव्हीवरून कळतं. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर मिळणारी कमाल रक्कम म्हणजे आयडीव्ही. कारखान्याच्या किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून ती काढतात: पहिल्या ६ महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०. समजा गाडी १८ लाखांची आणि आतल्या घरावर आणखी ९ लाख घातले. तिसऱ्या वर्षी शॉर्ट सर्किटने ती जळाली, तर आयडीव्ही १२ लाख ६० हजार. त्या ९ लाखांचा त्यात रुपयाही नाही.

पॉलिसीत इलेक्ट्रिक आणि बिगर-इलेक्ट्रिक अ‍ॅक्सेसरीजचे रकाने वेगळे असतात. एजंट घाईत ते कोरे सोडतो. तुम्ही सोडू नका. एसी, फ्रीज, इन्व्हर्टर, सोलर पॅनल पहिल्या रकान्यात. पलंग, कपाटं, ओटा दुसऱ्यात. इलेक्ट्रिक सामानाला किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता पडतो, म्हणजे २ लाखांच्या सामानाला ८ हजार. मला हा खर्च मुळीच जड वाटत नाही. बॉडी बिल्डरकडून जीएसटीचं पक्कं बिल मात्र घ्यायलाच हवं. कच्च्या चिठ्ठीवर सामानाची किंमत सिद्ध करता येत नाही.

त्याही आधी आरसी बुक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला बदल आरसीवर नोंदवावा लागतो, आणि कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. त्यामुळे कामाला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेनुसार ‘नॉन-ट्रान्सपोर्ट’ गटात येते. सीट काढून पलंग बसवले आणि आरसीवर प्रवासी गाडीच राहिली, तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिलं बोट तिथेच ठेवेल.

खासगी गाडी भाड्याने देण्याचा मोहही टाळा. परदेशातल्या पाहुण्यांच्या मित्राला दिवसाचं भाडं ठरवून गाडी दिली आणि वाटेत अपघात झाला, तर खासगी पॉलिसी भाड्याचा वापर मान्य करत नाही.

थर्ड पार्टी विमा सक्तीचाच आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही घ्यावा लागतो. पण मागे पलंगावर आजी झोपलेली असते, मुलं खेळत असतात. त्यांच्यासाठी प्रवाशांचा अपघात विमा वेगळा मागावा लागतो. प्रत्येकी २ लाखांपर्यंतचा मिळतो, हप्ता किरकोळ असतो. तरी तो मागणारे फार थोडे, याचं मला वाईट वाटतं. कपडे, दागिने, मोबाइल गाडीच्या पॉलिसीत येत नाहीत.

राहिला पावसाळा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत बुडालं होतं, ते इथे कोणी विसरलेलं नाही. बारडोलीजवळची मिंढोळाही पावसात फुगते. पुराचं नुकसान साध्या पूर्ण पॉलिसीत बसतं. पण पाण्यात उभ्या गाडीला सेल मारला आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर तो खर्च कंपनी मालकावर टाकते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जोड कव्हर घ्या. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर चावीला हात न लावता टोइंगची गाडी बोलवा.